‘भरधाव’ या एका शब्दापाशी तपास थांबतो: परिवहन मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

महोदय,

नागपुरात कोणी ट्रकखाली सापडले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो: भरधाव. चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचे कलम 106, ट्रक ठाण्याच्या आवारात, मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल, त्यात ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ अशी ओळ, आणि मग सुपूर्दनाम्यावर (मालकाने हमी लिहून देऊन) ट्रक पुन्हा रस्त्यावर. आमचे भांडण त्या शब्दाशी आहे. चौकातून डावीकडे वळणारा चौदा चाकी ट्रक ताशी 10-15 किलोमीटरने चालतो. त्याला भरधाव कोण म्हणेल? तरी तो माणूस चिरडतो. का चिरडतो, ते या शब्दातून कधीच कळत नाही.

आधी शहराची ठेवण. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 नागपुरात एकमेकांना छेदतात. जामठा, गोंडखैरी, कापसी असा बाहेरचा रिंग रोड झाला, तेव्हा शहरातले ट्रक कमी होतील अशी आशा होती. हैदराबादहून जबलपूरला जाणारा ट्रक तिकडे गेलाही. पण मानेवाडा, दिघोरी, खरबी, मानकापूर या चौकांतून जाणाऱ्या ट्रकांतले बरेचसे परप्रांतीय नसतातच. ते आपलेच आहेत: पाचगावकडून गिट्टी आणणारे टिप्पर, भंडाऱ्याकडून पारडीमार्गे येणारी वाळू, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, काँक्रीटचे मिक्सर, कळमन्याच्या बाजारात लिलावाआधी पोचायची घाई असलेला भाजीचा ट्रक. यांचा माल शहरातच उतरतो. बाहेरचा रस्ता कितीही रुंद केला तरी ते आत येणारच. आतला रिंग रोड बांधला तेव्हा तो गावाबाहेर होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना शाळा, मंगल कार्यालये आणि रविवारचे बाजार आहेत.

आता डावे वळण. सिग्नलला उभ्या ट्रकच्या डाव्या बाजूला दुचाकीला जाण्याइतकी जागा दिसते, दुचाकीस्वार तिथे शिरतो. चालकाची बैठक उजवीकडे, जमिनीपासून दोन मीटरच्या वर. डाव्या दाराला लागून उभी असलेली दुचाकी त्याला काचेतून दिसत नाही, बाजूच्या मोठ्या आरशातही दिसत नाही. ती दिसावी म्हणून दाराच्या वर खाली पाहणारा एक लहान बहिर्गोल आरसा असतो. फांदीला अडकून तो एकदा फुटला की पुन्हा क्वचितच बसतो, किंमत मामुली असूनही. सिग्नल सुटतो. लांब गाडीचा चालक वळण मिळावे म्हणून आधी थोडा उजवीकडे घेतो. दुचाकीस्वाराला वाटते, ट्रक सरळ चालला. मग तोंड डावीकडे वळते. पुढचे चाक ज्या रेषेवरून गेले, मागची चाके त्याच्या बरीच आतून जातात. गाडी जितकी लांब, तितकी जास्त आतून. दुचाकीला पहिला धक्का बहुधा ट्रकच्या मधल्या भागाचा लागतो, आणि माणूस मागच्या चाकांपुढे पडतो. चालकाला कळते ते लोक ओरडल्यावर.

या मधल्या भागात माणूस आत जाऊ नये म्हणून बाजूचा लोखंडी कठडा कायद्याने सक्तीचा आहे. खालची कड जमिनीपासून 550 मिलिमीटरपेक्षा वर नको. मागच्या आडव्या दांडीलाही तोच आकडा. प्रत्यक्षात कठडा स्टेपनी काढताना आड येतो म्हणून कापलेला असतो, आणि टिप्परची मागची दांडी हौदा ओतताना ढिगात रुतते म्हणून वर वाकवलेली किंवा काढलेली असते. फिटनेसच्या, म्हणजे आरटीओच्या वाहनयोग्यता तपासणीच्या, दिवशी ती नटबोल्टने बसते आणि दुसऱ्या दिवशी उतरते. भाड्याने दांडी मिळते असे गॅरेजवाले हसून सांगतात. यात विनोद किती आणि वस्तुस्थिती किती, हे आपल्या निरीक्षकांनाच विचारावे. व्यावसायिक वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी होते. म्हणजे 730 दिवसांतला एक दिवस दांडी जागेवर असली तरी कागद पूर्ण.

चौकाची आखणीही यात भागीदार आहे. डावीकडे ‘मोकळे वळण’, म्हणजे लाल दिव्यातही वळायची मुभा, दिले की ट्रक थांबतच नाही. दुचाकींसाठी पुढे वेगळी थांबण्याची चौकट आखायची तर ट्रकची रेषा तिच्यामागे किमान पाच मीटर हवी. नाहीतर दुचाकी ट्रकच्या नाकाखाली उभी राहते, आणि ती जागाही चालकाला दिसत नाही. आणि आपल्या सिमेंट रस्त्यांची कड! रस्ता उंच झाला, बाजूची जमीन खालीच राहिली. मध्ये कुठे गट्टू खचलेले, कुठे नुसती माती. मागून हॉर्न वाजला म्हणून दुचाकीस्वार कडेला सरकतो, चाक खाली उतरते, परत वर घेताना कडेला घासते आणि तो उजवीकडे, ट्रककडे पडतो. हा अपघातही ‘भरधाव’मध्येच जमा होतो. कड भरून उतार देणे हे ज्या कंत्राटाचे काम होते, त्याचे नाव गुन्ह्यात येत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला वा कंत्राटदाराला त्यात एक लाखापर्यंत दंड आहे. ते वापरायला हवे.

ओव्हरलोडचा हिशेब टनांत सांगून समजत नाही, कारण बाजार ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते, घाटावरून थेट उचललेली ओली वाळू पाच टनांच्या पुढे. दहा चाकी टिप्परचे पासिंग मालासकट 28.5 टन. गाडीचे स्वतःचे वजन साडेअकरा टन धरले तर कायदेशीर माल 17 टन, म्हणजे ओल्या वाळूचे तीन-सव्वातीन ब्रास. हौद्याला फळ्या लावून पाच ब्रास भरले की माल 27 टनांच्या घरात आणि गाडी 38 टनांच्या वर. ब्रेक मात्र 28.5 टनांचेच. ताशी 50 किलोमीटर वेगात, चालकाला प्रतिक्रियेला दीड सेकंद धरून, पासिंगइतक्या वजनाची सुस्थितीतली गाडी सुमारे 40 मीटरमध्ये थांबते. ही गाडी 47 मीटर घेते. ब्रेकचे लायनर (चाकाच्या ड्रमवर घासणारे अस्तर) झिजलेले असतील तर 60 च्या आसपास. 40 वरचे पहिले सात मीटर म्हणजे पूर्ण झेब्रा आणि त्यापुढे उभी दुचाकी.

लायनर झिजतो तशी ड्रम आणि त्याच्यातली फट वाढते. फट वाढली की हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चेंबरचा दांडा अधिक बाहेर यावा लागतो, आणि एका मर्यादेपुढे तो जोर लावू शकत नाही. गाडी रिकामी असते तेव्हा चालकाला काही जाणवत नाही. चौकाचौकात दाबून ड्रम तापला की तो फुगतो, फट आणखी वाढते, आणि भरलेल्या गाडीचे पॅडल ऐनवेळी दगा देते. इलाज साधा आहे: ठरावीक दिवसांनी स्लॅक ॲडजस्टर आवळून फट घ्यायची, म्हणजे कमी करायची. आपोआप फट घेणारा ॲडजस्टर असेल तर तो अडकलेला नाही ना, हे पाहायचे. या कामाला तासभर लागतो. फेरीवर पैसे मिळणाऱ्या चालकाला तो तास म्हणजे एक फेरी. याहून वाईट प्रकार म्हणजे चेंबर गळू लागला की त्या चाकाची हवेची नळी बंद करून गाडी चालू ठेवणे. मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, आणि निरीक्षकाने आवारात दहा फूट पुढे-मागे करून पाहिले तर ते दिसत नाही.

रात्रीचा प्रकार निराळा. नो-एंट्री सुटण्याची वाट पाहणारे ट्रक वाडी, पारडी, कापसी भागात रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असतात. मागचा दिवा बंद, लाल चकाकणाऱ्या पट्टीवर राखेचा थर किंवा वरून लोंबणारी ताडपत्री. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात दुचाकीस्वाराला पुढे काही आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. यावर चालकांना दंड करून काय होणार? बंदीची वेळ ठरवायची आणि थांबायला जागा द्यायची नाही, ही गफलत वरच्या पातळीवरची आहे. पट्टी पुसायला एक फडके पुरते, हेही खरे.

कामाच्या तासांविषयी थोडक्यात. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन होईपर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा होता: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. टिप्परवर तो कोणी पाळला नाही आणि कोणी तपासला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, चांगले झाले. पण 45 अंशांच्या नागपुरात पुढची कैक वर्षे जुनेच टिप्पर धावणार आहेत.

महोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. वरच्या टिप्परला तो 40,000 होतो. दंड फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, हेही त्यातच लिहिले आहे. पावती फाडून तीच गाडी तशीच पुढे सोडणे हे त्या कलमाच्याच विरुद्ध आहे. माल भरणाऱ्या खाणीचे आणि क्रशरचे नाव दंडाच्या कागदावर येऊ लागले, तर हौद्याच्या फळ्या आपोआप उतरतील.

माहितीही सरकारकडेच पडून आहे. गौण खनिज (वाळू, गिट्टी वगैरे) वाहणाऱ्या गाड्यांना महसूल विभागाच्या महाखनिज प्रणालीत जीपीएस लागतो आणि प्रत्येक फेरीचा ई-पास निघतो. एकाच टिप्परने चोवीस तासांत किती फेऱ्या केल्या, डंपरला वेगनियंत्रकाची 60 ची मर्यादा असताना तो कितीने धावला, हे त्यातून दिसू शकते. ती माहिती नागपूरच्या तिन्ही आरटीओ कार्यालयांना रोज मिळावी. 2021 मध्ये याच शहरात सुरू झालेल्या आय-रास्ते या रस्ता सुरक्षा प्रकल्पात सिटी बसवर धोका ओळखणारे कॅमेरे बसवले गेले. तोच प्रयोग सरकारी कामावरच्या टिप्पर आणि मिक्सरवर करा, आणि निविदेतच अट घाला.

अपघातानंतरच्या तपासणीचा नमुना मात्र बदलावाच लागेल. प्रत्येक चाकाच्या लायनरची जाडी, चेंबरचा दांडा किती मिलिमीटर बाहेर येतो, हवेचा दाब भरायला लागणारा वेळ, एखादी नळी बंद आहे का, आरसे किती आणि कोणते, बाजूचा कठडा आणि मागची दांडी यांची जमिनीपासून उंची, आणि मालासकट वजन, तेही माल उतरवण्याआधी. माल उतरवून ट्रक ठाण्यात आणला की निम्मा पुरावा गेला. रस्त्याच्या बाजूने कडेची खोली, थांबारेषेचे अंतर, दिव्यांची स्थिती. सर्व फोटोसह ई-डार या अपघात नोंदीच्या सरकारी संगणक प्रणालीत. ‘भरधाव’ लिहायचे असेल तर जीपीएसचा आकडा जोडून लिहावे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असालच. एका पहाटे साडेपाचला, ताफा न आणता, दिघोरी चौकात उमरेड रोडच्या बाजूला उभे राहा. येणारे पहिले दहा टिप्पर थांबवायला सांगा आणि मागची दांडी जमिनीपासून किती उंच आहे ते स्वतः मोजा. सोबत मोजपट्टी आणावी. तिथल्या पथकाकडे ती असेलच असे नाही.

आपले,
ट्रक, गॅरेज आणि रस्ता यांच्याशी रोजचा संबंध असलेले काही नागपूरकर

प्रत: पोलीस आयुक्त, नागपूर शहर, आयुक्त, नागपूर महानगरपालिका