होडीच्या चौकशीला सविस्तर उत्तर

एक्सेटर
५ एप्रिल २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर होडीचा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदम बोलता. आईला विचारायचं असतं किती पैसे घातलेस, बाबांना विचारायचं असतं प्लाय किती जाडीचा, आणि नेमकी तेव्हाच विजयदुर्गची रेंज जाते. म्हणून हे सगळं लिहूनच काढते. बाबा, मोबाइलवर डोळे ताणून वाचू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ता तर झालंय. नाक्यावरून प्रिंट काढून आणा आणि आईला मोठ्याने वाचायला सांगा. मधले तिचे शेरे तेवढे मला फोनवर कळवा.

आधी आईचे प्रश्न घेते, नाहीतर ती पुढे वाचायचीच नाही.

होडी फुकट मिळाली. आमच्या मागच्या रस्त्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात, त्यांनी ती तरुणपणी घरीच जोडली होती. आता त्यांना वाकवत नाही आणि मुलांना गोडी नाही. परसात फाटक्या ताडपत्रीखाली पडून होती, आत पावसाचं पाणी आणि कुजलेला पाला. “घेऊन जा, पण नुसती दारात शोभेला ठेवणार असशील तर नको,” एवढंच म्हणाले. खर्च झाला तो प्लाय, रेझिन आणि रंगाचा. आता खरं सांगायचं तर तेवढ्या पैशात बऱ्या अवस्थेतली दुसरी जुनी होडी तयार मिळाली असती. इथले जाणकार हेच ऐकवतात, आणि हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण मला होडीपेक्षा काम हवं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर संध्याकाळी हाताला लाकूड लागलं की बरं वाटतं, हे बाबांना सांगायला नको.

राहिलं बुडण्याचं. हिला पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे आहेत. पाण्याने काठोकाठ भरली तरी ती तळाला जात नाही, उलटली तर पुन्हा सरळ करता येते. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय आम्ही कुणी चढत नाही. आणि जाणार आहोत ते एक्स नदीच्या खाडीत, जिथे ओहोटीला बहुतेक ठिकाणी नुसता चिखल उरतो. इंग्लंडमधला एक शिक्षक अशाच होडीतून कधी वल्हवत, कधी शीड उभारून पार काळ्या समुद्रापर्यंत गेला होता, पण आई, माझा तसला काही बेत नाही.

आता बाबा, तुमच्यासाठी.

हिला मिरर म्हणतात. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने ती काढायला लावली म्हणून हे नाव, आणि म्हणूनच तिची शिडं लाल. १९६३ साली ती बाजारात आली. तोवर शिडाची होडी म्हणजे इथेही पैसेवाल्यांचं प्रकरण होतं. जॅक होल्ट हे छोट्या शर्यतीच्या होड्यांचे नावाजलेले रचनाकार, आणि बॅरी बकनेल हे बीबीसीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे गृहस्थ. दोघांनी मिळून असं डिझाइन केलं की ज्याने आयुष्यात रंधा हातात धरला नाही त्यालाही गॅरेजमध्ये होडी जोडता यावी. कापलेल्या फळ्या, खिळे, तार, रेझिन असा सगळा संच ६३ पौंड ११ शिलिंगला मिळायचा. आजवर अशा ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या आहेत. (हे बकनेल टीव्हीवर लोकांना जुने नक्षीदार दरवाजे हार्डबोर्डने झाकून सपाट करायला शिकवायचे. पुढच्या पिढीने तो हार्डबोर्ड उचकटत किती शिव्या दिल्या असतील! होडीबाबत मात्र त्यांनी पुण्य कमावलं.)

आकाराने लहान आहे, लांबी ३.३ मीटर, रुंदी साधारण १.४, वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसं सहज उचलतात. आपल्याकडच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कशी उंच आणि टोकदार असते, हिची पुढून चौकोनी कापल्यासारखी बोथट. पहिल्यांदा पाहिल्यावर अर्धवट राहिलीय की काय असं वाटतं. पण त्यामागे अक्कल आहे. टोक काढायचं तर प्लाय जोर लावून पीळ देत वाकवावा लागतो, आणि तिथेच नवशिक्याचा धीर सुटतो. डोलकाठीही दोन तुकड्यांची. वरचा तुकडा शिडाबरोबर दोरीने उभा चढतो, आणि उतरवला की सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. गाडीच्या टपावर टाकली की चालले!

तुम्ही कौंडिण्य जहाजाचं कात्रण पाठवून विचारलं होतंत, “तुझीही शिवलेलीच म्हणतेस, ती कशी?” कौंडिण्य गोव्यात बांधलं, अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते नौदलात आलं. त्यात खिळा नाही, ती शिवण हाच कायमचा सांधा, आणि लाटेबरोबर सांगाडा थोडा लवतो तो तिच्यामुळेच. माझ्या होडीची शिवण वेगळी. आई, तू ब्लाऊज शिवताना आधी टाचून घेतेस आणि मग मशिनवर पक्की टीप मारतेस ना, तसं. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाचायच्या, तार पिळून आवळली की सपाट फळ्यांचा आपोआप होडीचा आकार येतो. मग आतून-बाहेरून सांध्यावर काचतंतूची पट्टी रेझिनने चिकटवायची. पक्की टीप ती. बाहेरचं तारेचं टोक कापून घासून टाकतात, आतलं पट्टीखाली तसंच राहतं. आमच्या होडीत पट्टी जिथे सुटली होती तिथे ते टाके हिरवे पडले होते, त्यामुळे पाणी कुठे शिरलंय ते शोधावं लागलंच नाही.

बाकीचं कुजकं मात्र शोधावं लागलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला प्लाय टणटण वाजतो, कुजका भद्द. शंका आली की टोचा लावायचा. सगळ्यात वाईट होते ते हवाबंद कप्पे. होडी ठेवताना त्यांची झाकणं उघडी ठेवायची असतात, ती वर्षानुवर्षं घट्ट लावलेली. आत कोंडलेल्या ओलीने मागच्या कप्प्याचा तळ इतका मऊ झाला होता की टोचा लोण्यात जावा तसा गेला. मजा अशी की समुद्राने तिचं काही बिघडवलं नव्हतं. लाकूड खाणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा धरत नाही, तिला पावसाचं गोडं पाणी आणि कोंदट हवा लागते. आपले दर्यावर्दी पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ते उगीच नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, हे तुम्ही लगेच म्हणाल. असते, पण कायम पाण्यात उभ्या असलेल्या होडीला. ही तर सुटीच्या दिवशी पाण्यात जाणार आणि संध्याकाळी घरी येणार.

कुजलेलं कापून त्या जागी नवा प्लाय बसवला. पाच मिलिमीटरचा मरीन प्लाय, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या शिक्क्याचा. (झालं ना आता उत्तर?) तो जुन्याला नुसता टेकवून चिकटवत नाहीत, दोन्ही कडा तिरप्या तासून एकीवर एक बसवतात. जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे पाच मिलिमीटरला चाळीस. तुम्ही फोनवरून पाहत होतात तो भाग हाच. मी तासत होते आणि तुम्ही तिकडून म्हणालात, “थांब, थर बघ.” मला आधी कळेना. मग दिसलं, उतारावर प्लायचे थर पट्ट्यांसारखे उघडे पडत होते, एक फिका, एक गडद, आणि मधल्या गोंदाच्या रेषा एका बाजूला फाकत चालल्या होत्या. “रेषा सरळ आणि समांतर, म्हणजे उतार सारखा. पट्टी लावून मोजायला नको.” एवढं सांगून वर म्हणालात, पातं बोथट आहे, आवाज खरखरीत येतोय. सात हजार किलोमीटरवरून! जावई त्या दिवसापासून गॅरेजमध्ये फोन चालू असला की हत्याराला हातच लावत नाहीत.

त्यांच्यावरून आठवलं, त्यांचा पराक्रमही सांगायला हवा. पूर्वी पॉलिएस्टर रेझिन वापरायचे, आता दुरुस्तीला एपॉक्सी. जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगलं धरतं, उलट केलं तर तितकं नाही. अस्सलपणा जपायचा म्हणून जुनंच रेझिन वापरा म्हणणारेही आहेत, पण मला ते पटत नाही. त्या काळी एपॉक्सी घरगुती माणसाला परवडलं असतं तर होल्टसाहेबांनी तेच दिलं असतं. तर हे एपॉक्सी दोन भाग कालवून होतं, आणि जमताना तापतं. थोडं थोडंच कालवायचं असतं. जावयांनी वेळ वाचवायला मोठा डबा भरून कालवलं. उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळेना, डबा चटके देऊ लागला आणि मग धूर. डबा उचलून बागेत ठेवला, शेजारीण खिडकीतून बघत होती. त्यांनी तो दगडासारखा गोळा फळीवर मांडून ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

थंडीचा त्रास वेगळाच. दहा अंशांखाली साधं एपॉक्सी जमायलाच मागत नाही, आणि आमचं गॅरेज मार्चमध्ये त्याहून गार. होडीवर प्लास्टिकचा मांडव घालून आत हीटर लावून ठेवायचो. आई, हातमोजे आणि मास्क न चुकता घालतो. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जन्माची, आणि इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासलाच नाही. वॉटर पेपर लावून ओला घासला आणि लगदा पुसून फेकला.

आता तळ रंगवून झालाय. आतून व्हार्निश चालू आहे, कारण उन्हाने एपॉक्सी खराब होतं आणि वर ऊन अडवणारा थर लागतोच. जिथे लाकूड उघडं आहे तिथे पहिला हात पातळ करून दिला की तो मुरतो. लाल शीड आजोबांच्या वेळचंच आहे, फिकं गुलाबी झालंय, तरी बदलणार नाही. वारा धरतंय तोवर धरू दे. नाव काय ठेवायचं यावर तुमच्या नातवाची यादी तयार आहे, त्यातली पहिली दोन क्रिकेटवाल्यांची आहेत, त्यामुळे तूर्त होडी बिननावाची.

राहिलंय ते दोन्ही काठांच्या पट्ट्यांचं काम. नव्या पट्ट्या बसवून गोलसर तासायच्या आहेत, नाळेपासून मागपर्यंत एकसारख्या. इथला माझा रंधा मोठा आहे, वळणावर चालत नाही. बाबा, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही वापरायचात तो छोटा लोखंडी रंधा खाटेखालच्या ट्रंकेत असेल, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो मला हवाय. आई म्हणेल तिकडे दुकानं नाहीत का. आहेत, नवे रंधे चकचकीतही मिळतात, पण त्यांचं पातं घरी आणल्यावर पुन्हा पाजवावंच लागतं, आणि माझ्या हाताने लागणारी धार तुम्ही फोनवर ऐकलीच आहे. म्हणून पातं तुम्ही लावून पाठवायचं. निसणा मागच्या पडवीत पायरीजवळ आहे, मी गणपतीत पाहिला होता. घाई नाही, रोज सकाळच्या उजेडात थोडं थोडं करा. डोळ्यावर येतंय वाटलं तर बोटाने बघा, तुम्ही आम्हाला तसंच शिकवलंत. नाक्यावरच्या सुताराकडे मात्र देऊ नका, तो ग्राइंडरला लावून पातं जाळेल.

मामाचा धाकटा मेच्या अखेरीस ऑफिसच्या कामाला लंडनला येतोय, त्याच्याकडे द्या. पातं वेगळं काढून, तेलाचा हात फिरवून जाड पुठ्ठ्यात बांधा. आणि त्याला बजावून सांगा, चेक-इनच्या बॅगेतच टाकायचं. हातातल्या बॅगेत असलं तर विमानतळावर काढून घेतील आणि तो लाजून आपल्याला सांगणारही नाही. आई, उरलेल्या जागेत कुळथाचं पीठ आणि आमसुलं खुशाल भर. रंधा गेल्यावर उरलेल्या जागेत, आधी नव्हे.

बाकी क्षेम. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची
बाय