प्रोसेसरच्या प्रयोगशाळेत कंपायलर कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिप डिझाइनच्या अभ्यासक्रमांचे सध्या कौतुक चालू आहे, म्हणून हे पत्र. व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेत छोटा प्रोसेसर लिहिला, त्याचा वेव्हफॉर्म (सिग्नल वेळेनुसार कसे बदलतात याचा आलेख) दाखवला, की बहुतेक प्रकल्प तिथेच संपतात. एखाद्याच कामासाठी घडवलेल्या प्रोसेसरचे, म्हणजे अ‍ॅसिपचे, खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. नवी इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला द्यायची एक आज्ञा) हार्डवेअरमध्ये बसते, पण प्रोग्रॅमचे अशा आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला तिचा पत्ताच नसतो.

या क्षेत्रातली साधने याचसाठी आहेत. अ‍ॅसिप डिझायनरमध्ये एनएमएल, एक्सटेन्सा या प्रोसेसर-कुटुंबात टीआयई, कोडासिप कंपनीकडे कोडाल अशा प्रोसेसरचे वर्णन करायच्या भाषा आहेत. एकाच वर्णनातून आरटीएल (हार्डवेअरचा कोड), कंपायलर, असेंब्लर आणि सिम्युलेटर (चिपची संगणकावरची नक्कल) तयार होतात. इन्स्ट्रक्शन बदलली की चारही बरोबरीने बदलतात. हेच हाताने करू गेले की सिम्युलेटर एक सांगतो आणि चिप दुसरेच करते. (कॉलेजांत सर्रास दिसणाऱ्या मूळ ईएसपी३२ बोर्डात एक्सटेन्साचाच गाभा आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?) व्यावसायिक परवाने महाग आहेत हे खरे, पण फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठाचे ओपनअ‍ॅसिप मुक्त आहे. तेही जड वाटले तर रिस्क-फाइव्ह हा मुक्त इन्स्ट्रक्शन-संच आहेच.

सुरुवात मात्र प्रोफाइलिंगने, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो हे मोजून, व्हावी. एखादा लूप ६० टक्के वेळ खात असेल आणि तो १० पट वेगवान केला, तरी एकूण प्रोग्रॅम जेमतेम २.१७ पट वेगवान होतो. मग रिस्क-फाइव्हच्या कस्टम-० या स्वतःच्या इन्स्ट्रक्शनसाठी राखलेल्या जागेत, ०००१०११ या ऑपकोडवर (ओळख-संकेतावर), इन्स्ट्रक्शन बसवावी. नेहमीच्या आर प्रकारात दोन रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) वाचायची आणि एकात लिहायचे. तिसरे इनपुट हवे असेल तर रजिस्टर फाइलला आणखी एक रीड पोर्ट (वाचण्याची वाट) लागतो, तो फुकट मिळत नाही.

पिकोआरव्ही३२ या मुक्त कोअरला सहप्रोसेसरची, म्हणजे नवी इन्स्ट्रक्शन चालवणाऱ्या जोड-युनिटची, जोडणी तयार असते. तिथे नेहमीची चूक म्हणजे ‘वेट’ (थांब) सिग्नल वेळेवर न देणे. १६ क्लॉक सायकलमध्ये प्रतिसाद आला नाही, तर कोअर त्या इन्स्ट्रक्शनला बेकायदा ठरवतो. शिवाय या कोअरला साध्या इन्स्ट्रक्शनलाही सरासरी चारेक सायकल लागतात, त्यामुळे दहा इन्स्ट्रक्शनची एक केली की फायदा फुगून दिसतो. पाइपलाइन (अनेक इन्स्ट्रक्शन एकाच वेळी टप्प्याटप्प्याने चालवण्याची रचना) असलेल्या कोअरवर तो तसा टिकत नाही.

सर्वांत फसवी चूक अशा युनिटच्या आत बेरीज साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर लपवण्याची. मध्येच इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हाक) आला आणि त्याच्या रूटीननेही तेच युनिट वापरले, तर साठवलेली बेरीज बिघडते. उत्तर कधीतरीच चुकते, म्हणून दोष सापडत नाही. आतल्या बेरजेचा कंपायलरलाही पत्ता नसतो: सी कोडमधल्या असेंब्लीला ‘व्होलाटाइल’ लावले नाही, तर तेच इनपुट पुन्हा दिसताच कंपायलर दुसरी इन्स्ट्रक्शन अनावश्यक समजून वगळू शकतो.

म्हणून परीक्षकांनी वेव्हफॉर्मऐवजी आधीचे आणि नंतरचे तीन आकडे मागावेत: सायकली, सिंथेसिसनंतरचा (कोडचे सर्किट झाल्यावरचा) क्लॉक आणि क्षेत्रफळ. सायकली १० टक्क्यांनी घटल्या, पण लांबलेल्या क्रिटिकल पाथमुळे (सर्किटमधल्या सर्वांत संथ मार्गामुळे) क्लॉक १०० वरून ८० मेगाहर्ट्झवर आला, तर तोच प्रोग्रॅम साडेबारा टक्के जास्त वेळ घेतो.

आपले,
चिप डिझाइन क्षेत्रातील दोन अभियंते, पुणे