सात रस्त्यावरच्या दादांचे आणि मावशींचे आभार

काल भर दुपारी आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घरी नेताना सात रस्त्याजवळ गाडी बंद पडली. चावी फिरवली की नुसतं टक्-टक्. रसवंतीवाल्या मावशींनी आईला सावलीत बसवलं. एक रिक्षावाले दादा आपणहून थांबले. "सेल्फ मारला की हेडलाइट मंद होतंय, म्हणजे स्टार्टरला करंटच पुरंना," म्हणाले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला होता. क्लॅम्प काढून, टपरीवरचं गरम पाणी ओतून, पॉलिश पेपरनं घासून त्यांनी ते परत आवळले. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी, हेही समजावलं. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू! पैसे घेतलेच नाहीत. "आधी आईंना घरी न्या की." गडबडीत नाव विचारायचं राहिलं. दादा, मावशी, तुमचे खूप खूप आभार. आई बरी आहे.