दादाबद्दल, आणि बाबा, तुमच्याबद्दलही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादा दवाखान्यातून घरी आल्यापासून तुम्ही दोघं जरा निर्धास्त झालात, हे आवाजावरूनच कळतं. जेवतोय, फिरायला जातोय, हे ऐकून मलाही बरं वाटलं. पण नैराश्याच्या आजारात डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपण्याचे असतात, आत्महत्येचा धोका तेव्हा जास्त असतो. अंगात बळ अनेकदा आधी येतं, मन मागाहून सावरतं. म्हणून आत्ताच ढिलाई नको.

बाबा, तुम्ही विचारलंत की काकांनाही डिप्रेशन होतं, ते गोळ्यांनी बरे झाले, मग याचंच एवढं काय? नैराश्य सगळ्यांचं सारखं नसतं. काहींची उदासी वर्षानुवर्षं रेंगाळते. तिला सौम्य म्हणतात, पण धोका तिच्यातही असतो. काहींना भ्रम होतात, माझ्यामुळे घर बुडालं अशी ठाम खात्रीच बसते. तिथे धोका आणखी वाढतो. दादाचं बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खोल खचतं, तर कधी अति उसळतं. त्यात सर्वांत कठीण वेळ म्हणजे मन खचलेलं आणि डोकं मात्र भरधाव. आई, तो रात्री अडीचला कपाट रिकामं करून पुन्हा लावत होता, मध्येच रडत होता, असं तू सांगितलंस ना, तेच हे. पुन्हा तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

काकांची गोळी याला देऊन बघू, असं कृपा करून मनातही आणू नका. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस उलट उसळू शकतो. त्याला लिथियम दिलंय. १९४९ पासून ते या आजारात माहीत आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. ते अचानक बंद केलं तर धोका वाढतो. रक्ततपासणी चुकवू नका, आणि घरातल्या सगळ्यांच्याच गोळ्या कुलपात ठेवा.

आई, तुला भीती वाटते ते विचारायची. पण विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. जवळ बसून सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का रे?" हो म्हणाला तर रागावू नकोस, उपदेश करू नकोस, ऐकून घे. मग त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

बाबा, वय झालेल्या माणसांचं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही. अंग दुखतं, भूक नाही, पहाटे तीनलाच जाग येते, एवढंच ते सांगतात. हल्ली तुम्हीही हेच सांगता. म्हणून तोच प्रश्न मी तुम्हालाही विचारतेय. आईसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर एकटे असताना फोन करा, कितीही वाजलेले असोत.

तुमची,
लेक