नेटवर्कच्या मॅडमना, लेखा विभागाकडून

प्रिय मॅडम,

रोजच्या धावपळीत 'थँक्यू हां' म्हणून विषय संपतो. म्हणून हे आभार जरा सविस्तर, आणि चारचौघांत.

सायबर सुरक्षेची पोस्टरं आमच्या भिंतीवर आधीपासून होती. 'अनोळखी मेल उघडू नका.' अहो, लेखा विभागाचं कामच मुळी अनोळखी लोकांनी पाठवलेली बिलं उघडायचं! तुम्ही आम्हाला शिकवायला आलात, तेव्हा पोस्टरचं नावही काढलं नाहीत. मेल आपल्यापर्यंत पोचतो कसा, तेच उलगडून दाखवलंत.

पडद्यावर एका पुरवठादाराच्या नावाने आलेला मेल होता: आमचं बँक खातं बदललंय, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरा. भाषा चोख, जुन्या बिलाचा क्रमांकही बरोबर. तुम्ही हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची एरवी न दिसणारी नोंद, उघडून 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचायला लावल्यात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवत जातो, म्हणून सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. पण खालच्या ओळी पाठवणारा खोट्याही घालू शकतो. भिस्त ठेवायची ती आपल्याच सर्व्हरने घातलेल्या ओळींवर. १९८२ साली मेल पोचवण्याचे नियम लिहिले गेले तेव्हा पाठवणाऱ्याच्या नावाची शहानिशा त्यात नव्हतीच. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रावर दुसरं, असं खुशाल चालायचं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या तपासण्या म्हणजे सगळी नंतर लावलेली ठिगळं.

आणि त्या मेलमध्ये ही तिन्ही 'पास' होती! आम्ही हुश्श केलं, तर तुम्ही हसलात. पास म्हणजे एवढंच, की मेल खरोखर त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या '@'नंतरच्या नावावरून, आला. ते डोमेनच भामट्याने रीतसर विकत घेतलेलं असेल तर? पुरवठादाराच्या नावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' खेटून बसवले होते. अक्षरं मोठी केलीत तेव्हा कुठे दिसलं.

ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचंही तेच. वाटेत कोणी वाचणार नाही याची ती हमी. पलीकडे बसलेला सज्जन आहे याची नाही. लोकांचा हा गैरसमज काही जाईना, तेव्हा क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलूपच काढून टाकलं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती वेबसाइटचा पत्ता उलटा वाचायची सवय. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा (//) सोडून पुढची पहिली तिरकी रेघ गाठायची आणि तिथून डावीकडे यायचं. 'आमचीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट' या पत्त्याचा मालक 'खाते-तपासणी.नेट'वाला, डावीकडचं 'आमचीबँक.कॉम' ही नुसती सजावट, कारण कोणीही स्वतःच्या डोमेनच्या डावीकडे वाटेल ते नाव जोडू शकतो. नावावरून सर्व्हर शोधून देणारं डीएनएससुद्धा उजवीकडूनच उतरतं: आधी मूळ सर्व्हर, मग 'नेट', मग पुढचं. यंत्र जसं वाचतं तसं वाचायचं, एवढंच. आता फोनवर आलेली लिंकही हात आपोआप तशीच तपासतो.

आमच्यातल्या एकाचा मेलबॉक्स भामट्यांच्या हाती गेला, त्या संध्याकाळबद्दल वेगळे आभार. पासवर्ड बदलला की मिटलं, असं आम्हाला वाटत होतं. तुम्ही आधी सगळी चालू लॉगिन तोडलीत, मग मेलबॉक्सचे नियम उघडलेत. तिथे एक नियम सापडला: 'बिल' शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इनबॉक्समधून लपवा. तो राहिला असता तर नवा पासवर्ड ठेवूनही आमची बिलं परस्पर बाहेर जात राहिली असती. दुसऱ्या दिवशीच्या परिपत्रकात सगळा प्रकार होता, त्या सहकाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तेव्हापासून लोक शंकास्पद मेल लपवत नाहीत, थेट तुमच्याकडे पाठवतात. (कधीकधी साधी जाहिरातही पाठवतात, तेवढं सांभाळून घ्या.)

तुम्ही मागवलेल्या सुरक्षा किल्ल्या, म्हणजे लॉगिनसाठी वापरायची ती छोटी उपकरणं, आल्या आहेत. ओटीपी खोट्या पानावर टाकला तर भामटा त्याच क्षणी तो खऱ्या साइटवर वापरतो. या किल्लीचं उत्तर मात्र ज्या डोमेनवर नोंदवली त्याच्यापुरतंच असतं, त्यामुळे 'आर-एन'ची चलाखी तिच्यापुढे चालत नाही. सगळ्यांच्या नोंदवून झाल्या, राखीव किल्ल्या कपाटात कुलूपबंद ठेवल्यात. पुढच्या खेपेला फायरवॉलच्या नोंदी दाखवते म्हणाला होतात. कधी येताय?

तुमची,
लेखा विभागातली एक