मृगाआधी पोचावं म्हणून

सँडविच, केप कॉड
मॅसॅच्युसेट्स
१ जून

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताईच्या फोनवर पाठवतोय. मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हातात द्यायला तिला सांगितलं आहे. फोनवर आपण बोलतोच, पण बाबा "बरं, ठेवतो" म्हणून दोन मिनिटांत मोकळे होतात, आणि मला जे सांगायचं आहे ते दोन मिनिटांत मावणारं नाही. मृग लागायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

तिकडे आजपासून मासेमारीला बंदी. यांत्रिक होड्या आता ३१ जुलैपर्यंत किनाऱ्याला. इथे उलट आहे. हिवाळ्यात इथलं पाणी इतकं गार होतं की किनाऱ्याजवळ फारसा मासा उरत नाही. मे उजाडला की दक्षिणेकडून एकेक जात वर यायला लागते, आणि जूनच्या सुरुवातीला खाऱ्या पाण्यातही मासा असतो, गोड्या पाण्यातही असतो. सकाळी समुद्रावर आणि संध्याकाळी तळ्यावर गळ टाकता येईल असे हेच दिवस. अंगावर मात्र अजून जाड कपडे लागतात. पहाटे धुकं असतं आणि पाण्यात पाय घातला तर पोटऱ्या बधिर होतात.

आमच्या घराजवळ केप कॉडचा कालवा आहे. केप कॉड हे लांबट द्वीपकल्प. त्याला बाहेरून वळसा घालताना वाळूच्या दांड्यांवर जहाजं फुटायची, म्हणून त्याच्या मुळाशी जमीन कापून १९१४ साली हा कालवा खुला केला. जमिनीतला भाग सुमारे सात मैलांचा, रुंदी ४८० फूट, खोली ३२ फूट. दोन्ही काठांना मोठमोठे दगड रचलेले आहेत आणि मासे पकडायचे ते त्या दगडांवर उभं राहूनच. कालव्यात होडीतून मासेमारीला मनाई आहे.

बाबा, हे पाणी तुम्हाला बघायला आवडेल. तुम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता, ती रीत इथे लागू पडत नाही. कालव्याच्या एका टोकाला केप कॉड बे आहे, तिथे भरती-ओहोटीत साधारण नऊ फुटांचा फरक. दुसऱ्या टोकाला बझर्ड्स बे, तिथे चारच फुटांच्या आसपास. त्यात दोन्हीकडच्या भरतीच्या वेळांत जवळजवळ तीन तासांचं अंतर. मग पाणी ज्या टोकाला उंच असेल तिथून दुसरीकडे धावतं, आणि साधारण सहा तासांनी फिरतं. खाडीच्या तोंडाशी उधाणाला ओढ असते तशी ओढ इथे रोजची. पण अमावास्या-पुनवेचं महत्त्व इथेही तेच. जूनमधलं उधाण आणि पाणी फिरायची वेळ सूर्योदयाला जुळून आली की दगडांवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. पाणी थांबतं, फिरतं, आणि त्या मधल्या वेळात छोट्या माशांच्या थव्यावर मोठा मासा वर येऊन तुटून पडतो. त्याचा आवाज पलीकडच्या काठावरही ऐकू येतो.

तो मोठा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. इथे सगळे त्याला स्ट्रायपर म्हणतात. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा. रायगडच्या माणसाला जिताडा जसा, तसा इथल्या माणसाला हा. मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला आपल्या घरामागचं तळं आठवलं होतं. दोघांचं आयुष्य मात्र उलटसुलट आहे. जिताड्याची पैदास पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात होते, मग पिल्लं भरतीबरोबर खाडीत, खाजणात शिरतात आणि तुम्ही ती आणून तळ्यात वाढवता. स्ट्रायपर मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. बहुतेकांचा जन्म दक्षिणेकडे चेसापीकच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांमधला. एप्रिल-मेमध्ये तिथे अंडी घालायची आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो मैल वर, आमच्या दारापर्यंत यायचं.

आता नियम सांगतो, कारण खरं बोलायचं ते इथूनच सुरू होतं. माणशी दिवसाला एकच स्ट्रायपर घरी नेता येतो. तोही २८ इंचांपेक्षा लहान नको आणि ३१ इंच किंवा त्याहून मोठा नको. मधला तीन इंचांचा पट्टा, बस. आमिष लावून मासा धरायचा तर गळ गोल वळणाचाच हवा, म्हणजे तो पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडलेला मासा जगतो. लहान मासा सोडायचा हे आपल्यालाही पटतं. पण चाळीस इंचांचा मासा काठावर आणून परत पाण्यात सोडताना मी पहिल्यांदा माणसं पाहिली तेव्हा मला काही केल्या उमगेना. मग शेजारच्या आजोबांनी समजावलं. एवढे मोठे मासे बहुतेक माद्या असतात, आणि मादी जितकी मोठी तितकी तिच्या पोटात अंडी जास्त, लाखांच्या हिशेबात. जिताड्याचंही हेच आहे, बाबा. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा, ज्याचा फोटो गावभर फिरतो, ती बहुधा आईच असते.

हे नियम कुणी गंमत म्हणून केलेले नाहीत. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून स्ट्रायपर झपाट्याने संपत गेला. १९८४ साली त्याच्यासाठी देशाच्या संसदेने स्वतंत्र कायदा केला, आणि मेरीलँड राज्याने १९८५ पासून १९९० पर्यंत तो पकडणंच बंद केलं. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी पाच वर्षं कशी काढली असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. पण मासा परत आला. १९९५ साली तो सावरल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा चिंता आहे. चेसापीकमध्ये २०१९ पासून पिल्लं कमी जगतायत. त्यामुळे २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी वाचवायला २०२३ मध्ये ही ३१ इंचांची वरची मर्यादा आणली. आमच्या दगडांवर कुरकुर होते, पण मोजपट्टी प्रत्येकाजवळ असते. शेपटी चिमटीत धरून मोजायचं.

संध्याकाळचं तळं म्हणजे वेगळंच जग. हिमयुगाच्या शेवटी बर्फाची मोठी ढेपं वाळूत गाडली गेली, ती वितळली आणि त्या खड्ड्यांत पाणी साठलं. अशी शेकडो तळी केप कॉडवर आहेत. आम्ही बहुतेक वेळा पीटर्स पाँडवर जातो. पाणी नितळ, तळाला पांढरी वाळू, काठाला पाइनची झाडं. वसंतात सरकार त्यात ट्राउट सोडतं. जून सरायला लागला की पाणी तापतं आणि ट्राउट खोल जातो, म्हणून आत्ताच गडबड. उथळ पाण्यात सध्या लार्जमाउथ बासची घरटी दिसतात. नर शेपटीने वाळू झाडून गोल खळगं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा बाप तिथेच राखण करत फिरत राहतो. काही खात नाही, पण जवळ काहीही आलं की अंगावर धावून जातो, त्यामुळे तेव्हा तो गळाला लागणं अगदी सोपं. त्याला उचललं की लहान मासे अंड्यांवर पडतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यापासून मी घरट्यांच्या बाजूला गळ टाकत नाही. कायद्याने मनाई नाही, तरीही नाही. तुमचा नातू काठावर पालथा पडून त्या बापाकडे अर्धा अर्धा तास बघत बसतो.

तळ्यासाठी परवाना वेगळा आणि समुद्रासाठी वेगळा. आणखी एक नियम मला फार पटला. गोड्या पाण्यात एका औंसापेक्षा हलकं शिसं वापरायला २०१२ पासून बंदी आहे. लून नावाचे पाणपक्षी पडलेली शिशाची वजनं गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. आपल्याकडे पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, शिशाच्या गुळ्या असतात, त्या कधी तुटून कुठे जातात याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता.

आई, आता तुझ्यासाठी. तळ्यातला जंगली मासा आम्ही खात नाही, त्यात पारा असतो. गरोदर बायका आणि लहान मुलांनी तो खाऊ नये असं इथलं आरोग्य खातंच सांगतं, फक्त सरकारने सोडलेला ट्राउट चालतो. पण बझर्ड्स बेच्या बाजूला स्कप नावाचा पसरट, काटेरी, गोड चवीचा मासा मे-जूनमध्ये थव्यांनी येतो. त्याला चिरा देऊन हळद, मीठ, आगळ, आलं-लसूण आणि तू दिलेला आगरी मसाला लावते तुझी सून, आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकते. डोक्यांचं कालवण वेगळं. मसाला आता डब्याच्या तळाला आलाय. मामेबहीण ऑगस्टमध्ये येणार आहे, तिच्याजवळ दोन किलो तरी दे. कोकमही.

बाबा, आता मुख्य गोष्ट. इथून तासाभराच्या आत ब्रूस्टर नावाचं गाव आहे. तिथे स्टोनी ब्रूक म्हणून ओढा आहे, त्यावर जुनी पाणचक्की, आणि पाणचक्कीच्या बाजूने दगडांत पायऱ्यापायऱ्यांची छोटी डबकी केलेली. एप्रिल-मेमध्ये समुद्रातून हेरिंग त्या ओढ्याने वर चढतात. भिंग आणि पाला ज्या कुळातले, त्याच कुळातला हा मासा, वितीहून जरा मोठा. जिथे जन्मले त्या तळ्यात अंडी घालायला जातात. एकेका डबक्यात काळी पाठ पाठीला लागलेली. पाण्याच्या धारेवर उडी मारतात, मागे पडतात, परत मारतात. वरून सीगल पक्षी झडप घालतात. पाण्यात नुसता हात घातला तरी मासा हाती येईल, आणि काठावर शेकडो माणसं उभी असतात, पण कुणी हात घालत नाही. २००६ पासून या राज्यात ओढ्यांत चढणारे हे हेरिंग पकडायला बंदी आहे. बांधांनी वाटा अडवल्या, समुद्रात मोठ्या बोटींच्या जाळ्यांत ते सापडले, आणि वर चढणारे कमी कमी होत गेले. आता गावचे लोक पाळी लावून काठावर उभे राहतात आणि दर वेळी दहा मिनिटं वर जाणारे मासे मोजून आकडा लिहून ठेवतात. निवृत्त शिक्षक, शाळेतली पोरं, सगळे. आम्हीही मे महिन्यात मोजायला गेलो होतो. हेरिंग आहे म्हणून स्ट्रायपर आहे, हे इथल्या पोरांनाही माहीत आहे.

तिथे उभं राहून मला सारखी आपली वलगण आठवत होती. मृगाचा पहिला जोराचा पाऊस, ओहोळ फुगलेला, नदीतला मासा शेतात चढायला लागलेला, आणि सगळं गाव बत्त्या, कोयते, पाग घेऊन बांधावर. लहानपणी त्या रात्रीची मी वर्षभर वाट बघायचो. तुमच्या खांद्यावर बसून पाहिलेली वलगण मी कधी विसरणार नाही, आणि तो आनंद खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री घरी आलेल्या प्रत्येक माशाच्या पोटात गाबोळी असायची. शेतात चढतात ते अंडी घालायलाच. तुम्हीच मागच्या वर्षी म्हणालात, आता वलगणीला पूर्वीसारखा मासा राहिला नाही, टोपली सोडा, पिशवीही भरत नाही. मला वाटतं त्याचं एक कारण तरी आपल्या हातात आहे. नदीवरचे बंधारे, कारखान्यांचं पाणी, शेतातली औषधं यांच्यापुढे आपण एकटे काय करणार? पण आपल्या बांधावर कोण पाग टाकतो ते आपण ठरवू शकतो.

म्हणून विनंती. या वर्षी पहिल्या चढणीला आपल्या ओहोळात जाळं लागू देऊ नका. मासा चढू द्या, अंडी घालू द्या. नंतर, पाणी ओसरून परत नदीकडे उतरायला लागेल, तेव्हा लागेल तेवढा धरा. काका माझं ऐकणार नाहीत, मला माहीत आहे, पण तुमचं ऐकतात. आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या आपल्या खारबंदिस्तीच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायची जी उघाडी आहे, तिची फळी गंजून बंदच राहते असं ताई म्हणाली. ग्रामपंचायतीत सांगून ती पावसाआधी दुरुस्त करून घेता आली तर बघा. ती नीट उघडली नाही तर जिताड्याची पिल्लं भरतीबरोबर आत येणार कुठून? इथे जुन्या बांधांतून माशांना वाट करून देण्यावर माणसं वर्षानुवर्षं खपतात. आपल्याकडे वाट आधीच आहे.

काही खर्च येत असेल तर मी पाठवीन, त्याचा विचार करू नका. पहिला पाऊस झाला की ओहोळाला पाणी किती आलं, काय काय चढलं, ते ताईला सांगून मला कळवा. तुमचा नातू वहीत लिहून ठेवणार आहे, ब्रूस्टरच्या आकड्यांच्या समोरच्या पानावर. त्याने दोन रकाने आखूनही ठेवले आहेत.

गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आईला नमस्कार, काका-काकूंना नमस्कार, ताईच्या पोरांना गोड पापा.

तुमचा,
धाकटा