खुलताबादचं तिकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. भाचा इंग्लंडात ब्रिस्टलला नोकरीला आहे. तिथल्या सेंट पॉल्स भागातल्या एका घराच्या भिंतीवर काळ्या माणसाचं मोठं चित्र आहे, त्याचा फोटो त्यानं पाठवला. सोबत लिहिलं, ‘मामा, हे बसच्या नोकरीसाठी लढले.’

ते रॉय हॅकेट, जमैकाहून आलेले. 1963 साली ब्रिस्टलची बस कंपनी काळ्या माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. गाय बेली या अठरा वर्षांच्या पोराची मुलाखत ठरली होती. तो काळा आहे हे कळलं आणि ती रद्द झाली. मग हॅकेट, ओवेन हेन्री, पॉल स्टीफन्सन यांनी बसवर बहिष्कार पुकारला. मला लागलं ते वेगळंच. काळ्यांना घेऊ नका असा ठराव कामगारांच्या युनियननंच 1955 मध्ये केला होता. मी आयुष्यभर युनियनची वर्गणी भरली, म्हणून ते वाचून झोप आली नाही. चार महिन्यांनी, 28 ऑगस्टला, कंपनी नमली. पुढच्या महिन्यात पहिला गोरेतर वाहक लागला तो रघबीर सिंग, म्हणजे शीख! लढा उभारला जमैकावाल्यांनी आणि नोकरीचं दार पहिल्यांदा उघडलं आपल्या माणसाला.

आता माझं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या गाडीत सुदानचा एक विद्यार्थी बसला. गाडी खच्चून भरलेली, तरी त्याच्या शेजारची जागा रिकामी. दोन बाया दौलताबादपर्यंत दांडा धरून उभ्या राहिल्या. मागच्या एका पोरानं त्याचे केस ओढून पाहिले, लोक हसले. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी कुणाला एक शब्द बोललो नाही, तिकिटं फाडत पुढं गेलो. त्यानं खुलताबादचं तिकीट घेतलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, ‘मलिक अंबरची कबर कुठं आहे?’ मला सांगता आलं नाही.

इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला माणूस म्हणजे हा मलिक अंबर. निजामशाहीचा कारभारी झाला, 1610 मध्ये खडकी वसवली. तेच आपलं छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा त्याचा, शहराला पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याची. 1626 ला तो वारला. 2026 मध्ये चारशे वर्षं होतात.

14 एप्रिलला आपण भडकल गेटला बाबासाहेबांना वंदन करायला जमतो. तिथंच ठळक मराठीत फलक हवा : हा दरवाजा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसानं बांधला. उद्घाटनाला शहरात शिकणारी आफ्रिकी मुलं बोलवा, त्यांना बोलू द्या. आमच्याच गल्लीत गेल्या जूनमध्ये अशा एका मुलाला ‘खोली गेली’ म्हणून परत लावलं. दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी दिवाळीपर्यंत तशीच होती.

फलकासाठी माझ्या पेन्शनीतले पहिले एक हजार रुपये मी देतो.

आपला,
एक निवृत्त वाहक, छत्रपती संभाजीनगर